घरची शाळा : पद्धत कोणती निवडावी?

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे म्हटले, की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. हे कायद्यात बसते का? आणि पुस्तके कोणती घ्यायची?

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे असे तो म्हणतो. ते न केल्यास पालकांना शिक्षा मात्र त्यात सांगितलेली नाही. घरच्या शिक्षणाचा त्यात उल्लेखच नाही. २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे केंद्र शासनाने असे मांडले, की स्वेच्छेने मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही.

दुसरा प्रश्न मात्र आपण उलट्या टोकाने धरतो. पुस्तकांच्या आधी ठरवायला हवे ते हे, की मुलाजवळ रोज बसणार कोण, त्या माणसाला काय येते, आणि त्या घराला काय देता येणार नाही.

या बाबतीत पंडिता रमाबाईंच्या घराकडे पाहण्यासारखे आहे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांचे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रेत फिरत होते. वडील थकलेले, म्हणून आई लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत शिकवले. सारा भर संस्कृतावर आणि पाठांतरावर. ही पद्धत त्या घराला किती चपखल बसत होती पाहा. मुक्काम सारखा बदलणारा, सामान थोडे, उपजीविका पुराण सांगण्यावर. जी विद्या डोक्यात मावते आणि पायी चालताना बरोबर नेता येते, तीच तेथे खरी. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली, ती याच शिदोरीवर. परंतु १८७४ साली दुष्काळाच्या दिवसांत वडील आणि पाठोपाठ आई गेली, तेव्हा या मुलांची काय अवस्था झाली? धर्मग्रंथांपलीकडचे काहीच ठाऊक नसल्यामुळे दुसरे कोणतेही काम करून पोट भरण्यास आपण लायक नव्हतो, अशा अर्थाचे रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवले आहे. त्या शिक्षणाचे मोठेपण आणि त्यातली उणीव, दोन्ही एकाच घरातून आली होती.

आता आपल्या घरांकडे वळू. सर्वांत सोपी वाट म्हणजे बालभारतीचीच पुस्तके घरी शिकवणे. ती स्वस्त आहेत, संगणकावर फुकट मिळतात, आणि उद्या मूल शाळेत परतले तर त्याचे अडत नाही. धोका एवढाच, की घराची शाळा होते आणि आईची इन्स्पेक्टर! ज्या घरात आईवडील दोघेही कामाला जातात आणि मुलाजवळ आजोबा किंवा काकू असतात, तेथे मात्र आखीव पुस्तकच बरे, असे माझे मत आहे.

लहान वयासाठी माँटेसोरीबाईंची पद्धत अनेकांना आवडते. पण तिची साधने महाग म्हणून ती सोडून देतात. वास्तविक गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला, आणि १९४५ पासून बोर्डीला ताराबाईंनी खडे, बिया, पाने, शिंपले अशा वस्तूंवर हीच पद्धत चालवून दाखवली. साधन विकत आणावे लागते हा समज तेव्हाच खोटा ठरला आहे.

इंग्लंडच्या शार्लट मेसन यांची रीत याहून निराळी : चांगला उतारा एकदाच वाचायचा आणि मुलाने तो आपल्या शब्दांत सांगायचा. आपल्या सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड, पेठेत मराठी आणि मनात इंग्रजी, अशी पुष्कळ घरे आहेत. तेथे आजीच्या भाषेत ऐकलेली गोष्ट मुलाने मराठीत सांगावी. दोन्ही भाषा पक्क्या होतात. अमेरिकेतील जॉन होल्ट तर अभ्यासक्रमच नको म्हणत, मूल विचारील तेच शिकवा. हे ऐकायला सोपे वाटते, पण दिवसभर प्रश्न ऐकून घेणारे माणूस घरात नसेल तर तो केवळ रिकामा वेळ होतो.

घरात एखादा उद्योग असेल तर १९३७ साली वर्ध्याला मांडली गेलेली नयी तालीम आठवावी. चादरीच्या मागावर उभे धागे मोजणे हा गुणाकार आहे. आणि जेकार्डच्या पुठ्ठ्यावर भोक आहे किंवा नाही, एवढ्यावर नक्षी कशी उमटते हे ज्याला कळले, त्याला संगणकाची पहिली पायरी कळली. मात्र मुलाला कामाला जुंपणे म्हणजे नयी तालीम नव्हे.

कोणतीही पद्धत घ्या, घराला न देता येणारी एक गोष्ट उरतेच : प्रमाणपत्र. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीची परीक्षा चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. पाच विषय पुरतात, मराठी माध्यम आहे, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. राज्य मंडळाकडेही खाजगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरता येतो. मुक्त शाळेत गणित आणि विज्ञान सोडण्याची मोकळीक आहे. येथे पुष्कळजण फसतात. पुढच्या काही अभ्यासक्रमांना हे विषय लागू शकतात. तेव्हा विषय ठरवताना मुलाला आवडते काय याबरोबर पुढची कोणती दारे बंद होतील, हेही त्याच्याबरोबर बसून पाहावे.

आणि घरचे जमले नाही तर? त्याच २००९ च्या कायद्याप्रमाणे शाळेत कधी न गेलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही. त्या दिवसासाठी एक साधी वही पहिल्यापासून ठेवावी : तारीख, काय वाचले, कोणती गणिते केली, काय अडले. गुरुजींना मूल कोठे उभे आहे हे तीवरून अर्ध्या तासात कळते.