टॅब की स्पेस? आधी ठरवा, मग लिहा

कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मुलामुलींचे गट मिळून एक प्रोजेक्ट करतात. कोड सगळ्यांचा, लिहिण्याची सवय मात्र ज्याची त्याची. एक जण ओळ आत सरकवायला टॅब दाबतो, दुसरी चार स्पेस देते. महिरपी कंस कुणी त्याच ओळीत उघडतो, कुणी खालच्या. बहुतेक भाषांत प्रोग्राम त्यामुळे अडत नाही. पायथनमध्ये मात्र टॅब-स्पेसची सरमिसळ एरर देऊ शकते.

खरी अडचण येते बदल तपासताना. कुणाच्या एडिटरने सेव्ह करताना अख्खी फाइल नव्याने मांडली, की गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात शेकडो ओळी बदललेल्या दिसतात आणि खरोखर दुरुस्त केलेली एक ओळ त्या गर्दीत हरवते.

मोठ्या प्रकल्पांनी हे केव्हाच ओळखले. लिनक्स कर्नलमध्ये टॅब आठ अक्षरांचा. पायथनच्या 2001 सालच्या ‘पेप 8’ या लेखनशैलीच्या नियमावलीत चार स्पेस, आणि ओळ 79 अक्षरांपर्यंत. गो भाषेने तर वादच मिटवला: ‘गोएफएमटी’ हे साधन भाषेबरोबरच मिळते आणि कोड ठरलेल्या पद्धतीने मांडून देते. ती मांडणी सगळ्यांना आवडते असे नाही. पण काम यंत्राकडे गेल्याने मित्राच्या कोडमधल्या स्पेस मोजत बसावे लागत नाही, ही फार मोठी सुटका आहे.

जुना कोड असेल तर मांडणीचा बदल एका स्वतंत्र कमिटमध्येच, म्हणजे गिटमधल्या वेगळ्या नोंदीतच, करावा. ‘गिट ब्लेम’मध्ये असे कमिट वगळण्याची सोय 2019पासून आहे, त्यामुळे मूळ ओळ कुणी लिहिली, हे नंतरही सापडते.