हात किती वेळा धुतले, यावरून आजार ठरत नाही

करोनाच्या लाटांत वॉर्ड सांभाळणाऱ्यांसाठी आपण थाळ्या वाजवल्या. त्यांच्या मनाबद्दल मात्र आपल्याकडे आजही ऐकीव गोष्टीच जास्त बोलल्या जातात.

गैरसमज : रोज मरण पाहणाऱ्यांना कसली आलीय भीती!

2020 च्या सुरुवातीला चीनमधल्या 34 रुग्णालयांतल्या 1,257 डॉक्टर-नर्सची पाहणी झाली. सुमारे 45 टक्के जणांत चिंतेची, 50 टक्क्यांत नैराश्याची आणि 34 टक्क्यांत निद्रानाशाची लक्षणं दिसली. नर्स, स्त्रिया आणि थेट करोना रुग्णांची शुश्रूषा करणारे यांना त्रास अधिक तीव्र होता. हे आकडे प्रश्नावलीचे आहेत आणि त्यांत सौम्य लक्षणंही धरली आहेत. त्यामुळे ‘निम्मे डॉक्टर मनोरुग्ण’ असा मथळा कुणी दिला, तर तो खोटाच. पण मन घट्ट होतं ही समजूतही तितकीच खोटी. उलट, आजार कसा बळावतो हे ज्यानं जवळून पाहिलंय, त्याला तो घरच्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत नेण्याची धास्ती जास्तच असते.

गैरसमज : सारखे हात धुणं म्हणजे ओसीडी, म्हणजेच मंत्रचळ.

रुग्णाला हात लावण्याआधी, लावल्यानंतर, शरीरातल्या द्रवांशी संपर्क आल्यावर हात स्वच्छ करायचे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे. साबणानं 40 ते 60 सेकंद, सॅनिटायझरनं 20 ते 30. अतिदक्षता विभागातल्या सिस्टरला एका ड्युटीत हे कितीतरी वेळा करावं लागतं. तो आजार नाही, काम आहे. नियम पाळला की ते संपतं. ओसीडीतली शंका संपत नाही. ‘धुतले खरे, पण नीट धुतले का?’ पुन्हा धुतले की घटकाभर बरं वाटतं आणि शंका अधिक जोरानं परत येते. खाजवल्यानं खाज वाढावी, तसं. रोज तासाहून अधिक वेळ यात जात असेल, किंवा काम, झोप, घरातली नाती बिघडत असतील, तर तपासणी हवी. 2020 मध्ये दाराबाहेर कपडे बदलणं शहाणपणाचं होतं. वस्तूंना हात लावून होणाऱ्या संसर्गाचा धोका फार कमी असल्याचं 2021 पर्यंत स्पष्ट झालं. त्यानंतरही दुधाच्या पिशव्या घासता घासता हातांची सालं निघत असतील, तर प्रश्न वेगळा आहे.

गैरसमज : ओसीडी फक्त स्वच्छतेचाच असतो.

हा समज सगळ्यात घातक, कारण यामुळे कित्येकांना आपला त्रास ओळखताच येत नाही. इंजेक्शनचा डोस चार्टशी ताडून पाहिलेला असतो, तरी घरी पोचल्यावर ‘दहाचा शंभर तर नाही ना झाला?’ म्हणून वॉर्डात पुन्हा पुन्हा फोन करणं, हेही याच आजाराचं रूप. आपल्या हातून कुणाला इजा होईल असे नकोसे विचार येणं, हेही. असे विचार येणारा माणूस तसं करू इच्छित नसतो; विचारांनी तोच हादरलेला असतो आणि लाजेपोटी कुणाला सांगत नाही. दर तासाला ‘मला काही होणार नाही ना?’ विचारणं हीसुद्धा पुन्हा पुन्हा हात धुण्यासारखीच एक कृती. घरचे प्रेमानं दर वेळी ‘नाही गं’ म्हणतात आणि नकळत शंकेचं चक्र चालू ठेवतात.

गैरसमज : लाट ओसरली की मन आपोआप ताळ्यावर येतं.

2003 मध्ये टोरांटोत सार्सची साथ आली होती. साथीनंतर एक ते दोन वर्षांनी तिथल्या रुग्णालयांतले कर्मचारी, सार्सचे रुग्ण न आलेल्या हॅमिल्टन शहरातल्या कर्मचाऱ्यांपेक्षा जास्त थकलेले आणि मानसिक ताणाखाली आढळले.

गैरसमज : यावर इलाज नाही, असला तरी गोळी जन्माची.

ओसीडीवर खास वर्तनोपचार आहे. भीती वाटणाऱ्या गोष्टीला पायरीपायरीनं सामोरं जायचं आणि धुण्या-तपासण्याची कृती मुद्दाम टाळायची. सोबत औषधंही दिली जातात. त्यांचा पुरता गुण यायला अनेकदा आठ ते बारा आठवडे लागतात, म्हणून दोन आठवड्यांत ‘काही फरक नाही’ म्हणत ती सोडू नयेत. कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. कुणाशी बोलावं हे सुचत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.