सुंता : घाई नको, हयगयही नको

लहान मुलाच्या लघवीच्या जागेविषयी मोकळेपणाने बोलण्याची आपल्याकडे पद्धत नाही. आजी सांगेल ते, शेजारीण म्हणेल ते, असेच बहुधा चालते. परंतु सुंता करायची की नाही, हा निर्णय मुलाच्या शरीरावर जन्मभर राहणारा असतो. कापलेली कातडी परत येत नाही आणि ज्याची ती असते त्या बाळाला काही विचारता येत नाही. म्हणून हा विषय आज घेतला आहे.

वाशीम, मंगरूळपीर, कारंजा, रिसोड अशा सगळ्या भागांतून माझ्याकडे दोन प्रकारचे पालक येतात. पहिले मुस्लिम कुटुंबांतील. त्यांचा निर्णय धर्माने झालेलाच असतो. ते विचारतात, कधी करावी आणि कोणाकडून? दुसरे पालक इतर समाजांतील. त्यांची तक्रार वेगळी असते. ‘डॉक्टरसाहेब, पोराची कातडी मागे जात नाही जी, कापा लागते काय?’ दोघांना द्यायचे उत्तर वेगवेगळे आहे.

आधी दुसऱ्या प्रश्नाचे पाहू. जन्मतः ही कातडी आतल्या बोंडाला चिकटलेलीच असते. तो आजार नव्हे. इंग्लंडमधील डॉ. डग्लस गेअर्डनर यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवजात मुलांपैकी जेमतेम ४ टक्के मुलांची कातडी पूर्ण मागे सरकत होती. वय वाढेल तशी ती आपोआप सुटत जाते. बहुतेकांची शाळेत जाण्याच्या सुमारास सुटते, काहींची वयात येताना. लघवी करताना कातडी थोडी फुगते, पण धार मोकळी पडत असेल तर भिण्याचे कारण नाही. कातडीखाली पांढरे मण्यासारखे दिसते तो पू नसून साचलेला मळ असतो व तो आपोआप बाहेर पडतो.

खरा धोका जबरदस्तीत आहे. तेल लावून रोज कातडी मागे ओढण्याचा सल्ला अनेक मातांना मिळतो. त्याने बारीक जखमा होतात, त्या भरताना व्रण पडतो आणि नसलेला आजार तयार होतो. कधी मागे ओढलेली कातडी तिथेच अडकून बसते, पुढचा भाग सुजतो व मुलाला तातडीने दवाखान्यात न्यावे लागते. तेव्हा बाळाला आंघोळ घालताना बाहेरून पाण्याने धुणे एवढेच पुरे.

शस्त्रक्रिया लागते ती थोड्या मुलांना. कातडीच्या टोकाशी पांढरा, टणक व्रण दिसणे, पुन्हा पुन्हा सूज व पू होणे किंवा लघवीला वारंवार जंतुसंसर्ग होणे ही तिची कारणे आहेत. मोठ्या मुलात कातडी नुसती घट्ट असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे मलम लावून पाहता येते व बहुतेकांचे काम त्यावरच भागते.

आता सुंतेकडे वळू. इस्लाममध्ये यासाठी एकच ठराविक वय नाही. कोणी सातव्या दिवशी करतात, कोणी काही वर्षांनी. आपल्याच रायगड जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू आठव्या दिवशी सुंता करतात. वैद्यकीयदृष्ट्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत जखम लहान असते व जागा बधिर करण्याच्या इंजेक्शनवर काम होते. चार-पाच वर्षांचा मुलगा घाबरतो, त्याला बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते. मात्र तान्ह्या बाळालाही वेदना होतातच. ‘त्याला काय कळते’ म्हणून बधिर न करता कापणे चूक आहे.

कापण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बाळाचे वजन ठीक आहे ना, कावीळ किंवा ताप नाही ना, जन्मानंतर ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले आहे ना. दुसरी, घराण्यात, विशेषतः आईच्या माहेरी, कोणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का. ज्यूंच्या तालमूद या प्राचीन ग्रंथातही दोन मुले सुंतेने दगावली असतील तर तिसऱ्याची करू नये असा निर्णय आहे. तिसरी, लघवीचे छिद्र टोकावरच आहे ना.

ही तिसरी गोष्ट किती महत्त्वाची, ते एका कुटुंबाच्या उदाहरणाने सांगतो. घरातील तीन मुलांची सुंता एकाच दिवशी गावात ठरली होती. धाकट्याला खोकल्यासाठी माझ्याकडे आणले, तेव्हा तपासताना दिसले की त्याचे छिद्र खालच्या बाजूला आहे. सुमारे २५० ते ३०० मुलांत एकाला असा जन्मदोष असतो. तो दुरुस्त करताना सर्जनला हीच कातडी लागू शकते. आजोबा म्हणाले, ‘पाहुण्यांना निरोप गेले आहेत.’ मी सांगितले, ‘चाचा, आज कापली तर उद्या ठिगळाला कापड उरणार नाही.’ ते मशिदीत मौलानांशी बोलले. आधी इलाज करा, असा सल्ला त्यांनाही मिळाला. पुढे मोठ्या शहरात बालशल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रिया केली आणि सुंताही त्यातच झाली.

सुंता अनुभवी डॉक्टरकडूनच, निर्जंतुक साधनांनी करावी. एकाच वस्तऱ्याने अनेक मुलांची केल्यास कावीळ ‘ब’ व एचआयव्ही पसरू शकतो. नंतर जखमेवर राख, हळद किंवा कसलीही पूड टाकू नये. पिवळसर पातळ थर दिसतो तो बहुधा जखम भरण्याचा भाग असतो. रक्त आल्यास स्वच्छ कापडाने १० मिनिटे दाबून धरावे. तरीही न थांबल्यास, बारा तासांत लघवी न झाल्यास किंवा ताप आल्यास लगेच रुग्णालय गाठावे.

सुंतेने एचआयव्ही टळतो म्हणून सर्वांनीच करावी का, असेही तरुण वडील विचारतात. दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथील चाचण्यांत स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळली. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली शिफारस केली, पण ती ही साथ फार मोठी असलेल्या देशांसाठी. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली फायदे धोक्यांपेक्षा जास्त म्हटले, तरी प्रत्येक मुलाची करावी असे म्हटले नाही.

तेव्हा धर्माची रीत नसेल व आजार नसेल तर कातडी आहे तशी राहू द्यावी. रीत असेल तर मुहूर्तापेक्षा बाळाची तपासणी आधी करावी. आणि कोणी एका भेटीतच ऑपरेशन सांगितले, तर ‘मलमाने जमेल का, थांबता येईल का?’ हे दोन प्रश्न विचारायला पालकांनी संकोच करू नये.