नोकरीचे बूट घेताना

पहिल्या पगारातून आईला साडी येते आणि स्वतःला बूट. आपल्या कितीतरी घरांत हे आम्ही पाहिले आहे. बूट काळे, चकचकीत, पुढे निमुळते. दोन महिन्यांनी ते खाटेखाली जातात आणि पोरगा पुन्हा रबरी चपलेवर येतो, कारण करंगळीवर कुरूप धरलेले असते. विचारले तर म्हणतो, "ऑफिसचे बूट असेच असतात, सवय होईल." सवय होत नाही. पायाचे हाड बुटाच्या आकाराचे होऊ लागते, एवढेच.

बूट ही आपल्याकडे नुसती वस्तू नाही. आपल्या आज्या-पणज्यांना कित्येक गावांत वाड्यासमोरून जाताना पायातली वहाण काढून हातात घ्यावी लागे. चौकातल्या पुतळ्यात बाबासाहेबांच्या अंगावर कोट असतो, तसे पायात बूटही असतात. म्हणून कचेरीत नीटनेटके जाण्याची हौस आम्हाला मुळीच गैर वाटत नाही. मात्र नीटनेटके म्हणजे घट्ट आणि टोकदार, ही समजूत दुकानदाराची आहे. सरकारची तर नाहीच. राज्य शासनाने डिसेंबर 2020 मध्ये कर्मचाऱ्यांच्या पेहरावाबद्दल जे परिपत्रक काढले, त्यात पुरुषांसाठी बूट किंवा सँडल आणि महिलांसाठी चप्पल, सँडल किंवा बूट असे म्हटले आहे. मनाई आहे ती स्लीपरला. म्हणजे पट्ट्याचे चांगले सँडल घालून गेलात तर साहेबाने भुवई उंचावण्याचे कारण नाही.

तळेघरच्या बाजूला नोकरी करणाऱ्यांना हे विशेष कळायला हवे. एसटी घोडेगाव, डिंभे मागे टाकून भीमाशंकरच्या दिशेने चढू लागली की पावसाचा मुलूख सुरू होतो. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, पतसंस्थेतला कारकून, सगळ्यांचा दिवस सारखाच: सकाळी एसटीत उभे राहायचे, मग वाडीपर्यंत चिखलाची वाट, दुपारी टेबल, संध्याकाळी पुन्हा रस्ता. जाहिरातीतला बूट फरशीवर आणि लिफ्टमध्ये चालण्यासाठी केलेला असतो. त्याचा गुळगुळीत तळ ओल्या दगडावर घसरतो आणि पातळ तळातून खडी टोचते. तेव्हा वरून साधा काळा किंवा तपकिरी, तळ मात्र रबराचा आणि खाचांचा, असा बूट शोधावा. तो मिळतो, फक्त काचेच्या कपाटात पुढे मांडलेला नसतो.

आता मापाचे. दुकानात संध्याकाळी जावे. दिवसभर उभे राहून आणि चालून पाऊल थोडे फुगलेले असते. सकाळी बरोबर बसलेला बूट चार वाजता आवळतो. जाण्याआधी घरी जाड कागदावर दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहावे आणि दुसऱ्याकडून पेन्सिल सरळ धरून पावलांची कड काढून घ्यावी. आकार कापून खिशात टाकावा. दुकानात बुटाचा तळ त्या कागदावर ठेवावा. कागद बाजूने बाहेर डोकावत असेल तर तो बूट घालूनसुद्धा पाहू नये. दोन्ही पावले सहसा तंतोतंत सारखी नसतात, म्हणून माप मोठ्या पावलाचे. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, बोटे आत हलली पाहिजेत आणि टाच मागे निसटता कामा नये.

"एक नंबर मोठा घ्या" हा सल्ला बहुतेक वेळा फसवा असतो. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापात एका नंबरचा फरक लांबीत सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो, रुंदी त्या मानाने थोडीच वाढते. मग पुढे बोटे दबलेलीच राहतात आणि मागे टाच घासून फोड येतो. खरी अडचण रुंदीची आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली, तेव्हा आपली पावले युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असल्याचे दिसले. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवण्यात आली. तोवर वर्षानुवर्षे आपण परक्या पावलाच्या साच्यात पाय कोंबत होतो आणि दोष स्वतःच्या पायाला देत होतो!

चामडे घ्यावे की रेक्झिन? परवडत असेल तर वरचा भाग आणि आतले अस्तर चामड्याचे असलेला बूट घ्यावा. चामडे पायाप्रमाणे थोडे सैलावते आणि घाम बाहेर जाऊ देते. रेक्झिनमध्ये घाम कोंडतो. पण पावसाळ्यात चामड्याचे हाल होतात, म्हणून जून ते सप्टेंबर बंद बुटाचा हट्ट सोडावा. मागे पट्टा असलेले रबरी तळाचे सँडल वाटेवर घालावेत, बूट कचेरीत ठेवावेत आणि तिथे पाय कोरडे करून बदलावेत. बोटांच्या बेचक्यांत टॉवेल फिरवल्याशिवाय मोजे घालू नयेत. चिखल्या होतात त्या बहुधा याच आळसाने. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवावे. चुलीजवळ ठेवलेले चामडे तडकते. दोन जोड आलटून पालटून वापरले तर दोन्ही जास्त टिकतात.

भगिनींना एक सांगणे. उंच टाचेने शरीराचा भार पुढे चवड्यावर येतो, तर अगदी सपाट, पातळ चपलेत टाचेला आधार मिळत नाही. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल तर घरातही अनवाणी चालू नका. दोन-तीन सेंटिमीटरची रुंद टाच आणि मऊ तळ पुरे.

आणि मधुमेह असेल तर वर लिहिलेले सारे दुप्पट काळजीने वाचावे. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत पायांच्या दुखण्याने त्यांना फार छळले, हे आपण जाणतो. या आजारात पायाच्या नसा हळूहळू बधिर होऊ शकतात. मग बूट चावतो आहे हेच कळत नाही. आमच्या ओळखीच्या एका कारकुनाच्या बुटात दिवसभर एक खडा होता. घरी मोजा काढला तेव्हा रक्त दिसले. जखम भरायला तीन महिने गेले आणि अंगठा थोडक्यात वाचला. अशांनी बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा, झोपण्यापूर्वी तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवावा किंवा घरच्यांना दाखवावे. कुरूप ब्लेडने कापू नये, त्यावर औषधाची पट्टीही लावू नये. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांना पाय दाखवावेत. नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून बधिरपणा तपासतात, दुखत नाही, पाच मिनिटे लागतात. तळेघरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासायला जाल तेव्हा डॉक्टरांना पायही दाखवा.

बधिर पायासाठी एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या तळाची पादत्राणे मिळतात. कुष्ठरोग कार्यक्रमात ती मोफत दिली जातात, म्हणून काहीजण ती घालायला लाजतात. काळ्या चामड्याचे, मागे पट्टा असलेले सँडल घेऊन जाणत्या चर्मकाराकडून आत एमसीआरचा थर बसवून घेता येतो. सँडल मात्र तेवढ्या जागेचे, खोल घ्यावेत. बाहेरून पाहणाऱ्याला ते ऑफिसचे सँडलच दिसतात.