एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स : डिस्कचे विभाजन आणि बूटलोडरची निवड

विंडोज १० चे नियमित मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. टीपीएम २.० नसलेल्या संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे यवतमाळ, पुसद, वणी येथील महाविद्यालयीन विभागांत असे जुने संगणक असल्यास लिनक्सचा विचार क्रमप्राप्त ठरतो. तथापि श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व टंकांतील प्रश्नपत्रिका व हस्तलिखिते विंडोजवरच सुरळीत उघडतात. म्हणून दोन्ही प्रणाली शेजारी नांदविणे हाच व्यवहार्य मार्ग होय. विंडोज मात्र त्यानंतर शक्यतो आंतरजालाविना वापरावे.

जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट बूटलोडरच्या आरंभभागास, ६४ बाइट विभागतक्त्यास व २ बाइट ओळखखुणेस मिळतात. प्रत्येक नोंद १६ बाइटांची असल्याने प्राथमिक विभाग चारच होतात. चौथा विभाग ‘विस्तारित’ ठेवून त्यात लिनक्सचे विभाग पाडता येतात. जीपीटी पद्धतीत सामान्यतः १२८ नोंदींची सोय असल्याने ही ओढाताण उरत नाही.

विंडोजचा विभाग विंडोजच्याच डिस्क-व्यवस्थापन साधनाने लहान करावा. तत्पूर्वी माहितीची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी, ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे आणि बिटलॉकर चालू असल्यास त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली जपून ठेवावी. आकार बदलत असताना वीज गेल्यास विभागातील फाइली नष्ट होऊ शकतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात ही भीती केवळ पुस्तकी नव्हे, यूपीएस हवाच. मूळ प्रणालीस सुमारे ४० जीबी, स्वॅपला ४ ते ८ जीबी आणि वापरकर्त्यांच्या फाइलींसाठी स्वतंत्र ‘होम’ विभाग, ही रचना अध्यापकांच्या कामास पुरेशी आहे.

बूटलोडरपैकी लिलोचा विकास २०१५ अखेर थांबला. सिस्टिमडी-बूट सुटसुटीत असला तरी केवळ यूईएफआयवर चालतो. एमबीआर व यूईएफआय दोन्ही हाताळणारा ग्रब हाच मिश्र प्रयोगशाळेसाठी योग्य. मात्र ग्रब २.०६ पासून इतर प्रणालींचा शोध मूलतः बंद ठेवलेला असल्याने यादीत विंडोज न दिसल्यास घाबरू नये. ग्रबच्या मांडणीफाइलीत तो शोध पुन्हा चालू करता येतो. दोन्ही प्रणाली एकाच पद्धतीने, म्हणजे दोन्ही बायोस किंवा दोन्ही यूईएफआय पद्धतीने, बसवाव्यात. विंडोज पुन्हा बसविल्यास एमबीआरवरील ग्रब पुसला जातो. यूईएफआयमध्ये बहुधा केवळ क्रम बदलतो.

लिनक्सवरून विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसल्यास तो बिघाड नव्हे. लिनक्स संगणकातील घड्याळ जागतिक वेळेत ठेवते, विंडोज ते स्थानिक वेळ म्हणून वाचते. लिनक्सला स्थानिक वेळ वापरण्याची सूचना देताच फरक नाहीसा होतो.