नसलेल्या जहाजाचं प्रत्यक्ष

या व्याख्यानमालेत आपण प्रमाणविचार बघतो आहोत. एखादी गोष्ट 'मला कळली' असं आपण म्हणतो ते कशाच्या बळावर, हा त्यातला मूळ प्रश्न. आजचं उदाहरण मात्र जरा वेगळं आहे. आज मी एका व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहे. नातवंडांच्या नादी लागून सर बिघडले असं कुणाला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या.

गेमचं नाव 'टायटॅनिक: ऑनर अँड ग्लोरी'. काही हौशी पण कसून अभ्यास करणाऱ्या मंडळींनी २०१२ च्या आसपास हे काम हाती घेतलं. टायटॅनिक जहाज संगणकावर जसंच्या तसं उभं करायचं, आणि बघणाऱ्याला त्यात हवं तिथे फिरू द्यायचं. त्यांनी लोकांसाठी खुल्या केलेल्या एका नमुन्याचं नाव 'डेमो ४०१' आहे. ४०१ हा बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत टायटॅनिकला मिळालेला बांधणी क्रमांक. या नमुन्यात मारामारी नाही, गुण मिळवायचे नाहीत, जिंकायचं-हरायचं नाही. तुम्ही डेकवर उभे राहता आणि चालू लागता. म्हणून मी याला संग्रहालय म्हणतो. फरक एवढाच की या संग्रहालयात एकही वस्तू नाही.

वस्तू नाही म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. नेहमीच्या संग्रहालयात काचेमागे एखादी तलवार असते. तिच्याबद्दलची पाटी चुकीची असू शकते, पण तलवार तिथे असते. इथे पाटीच आहे, आणि ती इतकी सुरेख रंगवलेली आहे की तीच तलवार वाटावी. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इथे थीसियसचं जहाज आठवेल. एकेक फळी बदलत गेलो तर जहाज तेच राहतं का, असा तो जुना प्रश्न आहे. तो मी बाजूला ठेवतो. इथे जुनी फळी एकही शिल्लक नाही, त्यामुळे तो वाद इथे फारसा उपयोगी नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. पडद्यावर जे दिसतं ते कशावरून?

पहिल्या वर्गाचा भव्य जिना घ्या. ओकचं कोरीवकाम, वर काचेचा घुमट, मधल्या टप्प्यावर घड्याळ. सिनेमामुळे हा जिना आपल्याला आपल्या वाड्याच्या जिन्यापेक्षा जास्त पाठ झाला आहे. पण टायटॅनिकच्या या जिन्याचं खात्रीचं असं एकही छायाचित्र उपलब्ध नाही. पुस्तकांतून जी छायाचित्रं छापलेली असतात ती ऑलिम्पिकच्या जिन्याची. ऑलिम्पिक हे टायटॅनिकचं थोरलं भावंड, एकाच आराखड्यावर बांधलेलं. ते १९११ साली प्रवासाला लागलं आणि १९३५ पर्यंत चाललं. मग ते मोडीत काढलं तेव्हा आतलं लाकूडकाम लिलावात विकलं गेलं. इंग्लंडमध्ये ऑल्निक गावी 'व्हाइट स्वान' नावाचं हॉटेल आहे, तिथल्या भोजनगृहाच्या भिंतींवर ऑलिम्पिकचे तक्ते आजही आहेत. ते हाताने चाचपता येतात.

आता मीमांसकांचं उपमान आठवा. नैयायिकांचं उपमान थोडं निराळं आहे, पण आपल्याला इथे मीमांसकांचं उपयोगी पडतं. एक माणूस रानात जातो, तिथे त्याला गवय दिसतो. गवय म्हणजे गाईसारखा दिसणारा रानटी प्राणी. त्याला पाहून माणसाच्या मनात येतं, 'माझी घरची गाय याच्यासारखी आहे.' बघा, समोर आहे गवय, आणि ज्ञान होतंय ते समोर नसलेल्या गाईचं. ऑल्निकच्या भिंतीसमोर उभा राहून टायटॅनिकचा जिना समजून घेणारा अभ्यासक नेमकं हेच करत असतो. ऑलिम्पिक समोर, टायटॅनिक परोक्ष.

पण सादृश्य म्हणजे अभेद नव्हे. दोन्ही जहाजं सारखी असली तरी एक नव्हती. टायटॅनिकच्या 'अ' डेकवरचा फिरायचा सज्जा पुढच्या अर्ध्या भागात काचा लावून बंदिस्त केलेला होता, ऑलिम्पिकवर तो उघडा होता. 'ब' डेकची मांडणीही बदललेली होती. म्हणजे कुठवर गवय आणि कुठून गाय, हे प्रत्येक खोलीत नव्याने ठरवावं लागतं. शिवाय कृष्णधवल छायाचित्रातून गालिच्याचा रंग कळत नाही. लेखकाला 'एक सुंदर गालिचा होता' एवढं लिहून पुढे जाता येतं. गेम करणाऱ्याला ती सवलत नाही. त्याला कोणतातरी रंग द्यावाच लागतो.

बरं, मग तळाशी जाऊन बघावं. अवशेष सुमारे ३,८०० मीटर खोलीवर आहेत. भव्य जिन्याच्या जागी आज मोठी पोकळी आहे. लाकूड सागरी जीवांनी खाल्लं, की बुडतानाच जिना सुटून निघून गेला, यावर जाणकारांत मतभेद आहेत. गंमत म्हणजे, याच पोकळीतून यंत्रं आत सोडता आली. जेम्स कॅमेरॉनच्या २००१ च्या मोहिमेत शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या काचेच्या खिडक्या जागच्या जागी आढळल्या. जिन्याच्या अनुपलब्धीमुळे खिडक्यांचं प्रत्यक्ष झालं म्हणा ना!

आता शब्दप्रमाण. इथे मी थोडा रेंगाळणार आहे. टायटॅनिक १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी हिमनगाला घासलं आणि १५ तारखेला पहाटे २ वाजून २० मिनिटांनी बुडालं. हे २ तास ४० मिनिटं जसेच्या तसे दाखवणारी एक चित्रफीत याच मंडळींनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. वेळ कमी केलेला नाही. बसून बघावं लागतं, आणि बराच वेळ काहीच घडत नाही. ते काहीच न घडणं मला त्यातलं सगळ्यात भयंकर वाटलं. शेवटी जहाज दुभंगतं.

ते दुभंगलं हे आपल्याला कसं माहीत? वाचलेल्या कित्येक प्रवाशांनी आणि खलाशांनी तसं सांगितलं होतं. जॅक थेअर नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने सांगितलं होतं. पण दुसरा अधिकारी लाइटोलर म्हणाला, जहाज अखंड बुडालं. चौकशा दोन झाल्या, एक अमेरिकी सिनेटची, एक ब्रिटिश. दोन्हींचा निष्कर्ष 'अखंड' असाच निघाला. मग पुढची सात दशकं पुस्तकांत तेच. १९५८ च्या 'अ नाइट टू रिमेंबर' या चित्रपटातही जहाज सबंध खाली जातं. १ सप्टेंबर १९८५ रोजी रॉबर्ट बॅलार्ड आणि ज्याँ-लुई मिशेल यांच्या मोहिमेला अवशेष सापडले. दोन मोठे तुकडे, एकमेकांपासून सुमारे ६०० मीटरवर.

वात्स्यायनाने आप्ताचं लक्षण सांगितलं आहे. ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आहे आणि जो ती तशीच सांगू इच्छितो, तो आप्त. आणि पुढे तो असंही म्हणतो की ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, हे लक्षण सर्वांना सारखंच लागू आहे. किती मोठी गोष्ट आहे ही! १९१२ मध्ये मात्र हुद्द्याकडे पाहून आप्त ठरवला गेला. बोटीत कुडकुडत बसून ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांतल्या अनेकांना त्यांच्या हयातीत कुणी खरं मानलं नाही. म्हणून गेममधलं ते दुभंगणं मला नुसता देखावा वाटत नाही. उशिरा का होईना, साक्ष मान्य केल्याची ती नोंद आहे. पण इथेही तीच अडचण. जहाज नेमकं किती अंश कललं असताना तुटलं, यावर अजून वाद चालू आहे. पडद्यावर एकच कोन दाखवता येतो, आणि तो अगदी ठामपणे दिसतो.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. याच घराण्यातलं तिसरं जहाज ब्रिटॅनिक. त्यावरही असंच आभासी संग्रहालय २०२० मध्ये निघालं, 'ब्रिटॅनिक: पेट्रनेस ऑफ द मेडिटरेनियन' नावाचं. ब्रिटॅनिकचं जलावतरण २६ फेब्रुवारी १९१४ ला झालं, काही महिन्यांत महायुद्ध पेटलं, आणि जहाज इस्पितळ म्हणून कामाला जुंपलं गेलं. २१ नोव्हेंबर १९१६ ला एजियन समुद्रात केआ बेटाजवळ सुरुंगाने ते फुटलं आणि ५५ मिनिटांत बुडालं. ३० माणसं गेली, हजारावर वाचली. तिकीट काढलेला एकही प्रवासी या जहाजावर कधी चढला नाही.

या जहाजाच्या भव्य जिन्यासाठी जर्मनीच्या वेल्टे कंपनीचा एक मोठा ऑर्गन ठरलेला होता, कागदाच्या गुंडाळीवर आपोआप वाजणारा. तो जहाजावर कधी बसलाच नाही. पुढे हातोहाती फिरत तो स्वित्झर्लंडमध्ये सेवेन गावच्या स्वयंचलित वाद्यांच्या संग्रहालयात पोचला. २००७ मध्ये दुरुस्तीसाठी उघडला तेव्हा आतल्या तुळयांवर 'ब्रिटॅनिक' असं नाव कोरलेलं मिळालं. आज तो वाजतो, ऐकता येतो.

आपल्या न्यायशास्त्रात अभावाचे प्रकार सांगितले आहेत. घडा घडण्याआधी त्याचा जो अभाव, तो प्रागभाव. घडा फुटल्यावर जो उरतो, तो प्रध्वंसाभाव. आणि जे कधी नव्हतं, नाही, नसणार, त्याचा अत्यंताभाव. टायटॅनिकचा जिना नाही, तो प्रध्वंसाभावाने नाही. होता, गेला. ब्रिटॅनिकच्या जिन्यावरचा वाजता ऑर्गन मात्र अत्यंताभावाने नाही. ऑर्गन आहे, जिन्याचा आराखडा होता, पण त्या दोघांचा संयोग कधीच झाला नाही. आता आराखड्यातली ब्रिटॅनिक कुणी पडद्यावर उभी केली, जिना चढताना ऑर्गनचे सूर ऐकवले, तर ते दृश्य टायटॅनिकच्या जिन्याइतकंच खरं दिसेल. होऊन गेलेलं आणि कधीच न झालेलं, दोन्हींवर सारखंच पॉलिश.

इमारतींचा जीर्णोद्धार करणाऱ्यांनी या प्रश्नाचा विचार आधीच केलेला आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेत असं ठरलं की गहाळ भागाच्या जागी नवीन भाग बसवताना तो मूळ भागापासून ओळखू येईल असाच बसवावा. संगणकावरच्या पुनर्रचनांसाठी २००६ मध्ये लंडन सनद झाली. तिचा आग्रह असा, की बघणाऱ्याला पुरावा कुठे आणि तर्क कुठे हे कळायला हवं. माझं मत विचाराल तर प्रत्येक अशा गेममध्ये एक कळ असावी. ती दाबली की छायाचित्रावरून केलेलं एका रंगात दिसावं, भावंड-जहाजावरून घेतलेलं दुसऱ्या रंगात, आणि निव्वळ अंदाज तिसऱ्या रंगात. शोभा जाईल, मान्य आहे. पण कळ पुन्हा दाबली की शोभा परत येते. ही मंडळी आपल्या संशोधनाबद्दल उघडपणे बोलतात, नवं कळलं की बदल करतात, म्हणून त्यांच्याकडून ही अपेक्षा धरावीशी वाटते.

याच्या उलट एक दुसरं डिजिटल टायटॅनिक आहे, तेही सांगतो. २०२२ मध्ये अवशेषांची सात लाखांहून अधिक छायाचित्रं घेऊन त्यांची त्रिमितीय प्रतिमा जुळवली गेली. ती गंजलेली, मोडकी, बघायला उदास आहे. पण तिच्यातला ठिपका न् ठिपका तिथल्या लोखंडाला बांधलेला आहे.

माणसांबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. हा डेमो रिकामा आहे. जहाजावर सुमारे २,२०० माणसं होती, पैकी सुमारे १,५०० गेली. गेममध्ये कुठलंही दार तुम्हाला उघडं असतं. त्या जहाजावर तसं नव्हतं. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यामुळे तिसऱ्या वर्गाला वेगळं ठेवणं भागच होतं. खाली २९ बॉयलर आणि १५९ भट्ट्या, दिवसाला सहाशे टनांच्या वर कोळसा, तोही फावड्याने आणि हातगाडीने. गेममध्ये तिथे उभं राहिलं की यंत्रघराची भव्यता जाणवते. धग नाही, काजळी नाही, घाम पुसणारा आगवाला नाही. जिना खरा की खोटा यावर मी इतका वेळ घालवला, पण जिन्याला पुरावे तरी आहेत. आगवाल्यांच्या खोल्यांची छायाचित्रं काढायला कोण जाणार होतं?

नाही म्हणायला फादर ब्राउन नावाचे एक जेझुइट होते. साउथॅम्प्टनहून बसले, ११ एप्रिलला क्वीन्सटाउनला उतरले. पुढे जायचं आमंत्रण होतं, पण वरिष्ठांची तार आली, उतर म्हणून. त्यांनी काढलेली छायाचित्रं १९८५ मध्ये एका ट्रंकेतून पुन्हा उजेडात आली. बिनतारी यंत्राच्या खोलीचं एकमेव छायाचित्र त्यांचंच, तेही एकावर एक दोनदा उमटलेलं. दुसऱ्या एका छायाचित्रात सहा वर्षांचा मुलगा डेकवर भोवरा फिरवतोय.

एका श्रोत्याने लिहून विचारलंय, 'मग मुलांना हा गेम द्यावा की नाही?' जरूर द्या. आधी त्यांना फादर ब्राउन यांचं ते भोवऱ्याचं छायाचित्र दाखवा. मग गेममध्ये तो डेक शोधायला सांगा, आणि दोन्हींत काय जुळतं, काय जुळत नाही, याची वहीत यादी करायला लावा. एक सुटी तरी सहज जाईल. पुढच्या वेळी आपण अर्थापत्ती घेऊ. दिवसा न जेवणारा जाडजूड देवदत्त, तोच.