अपडेट ‘नंतर’ करू म्हणताना…

लॅबचा रिपोर्ट आता मोबाइलवर येतो, डॉक्टरांची वेळ घरबसल्या ठरते, विम्याचा दावाही ऑनलाइन भरता येतो. आपली जन्मतारीख, पत्ता, आजारांचा इतिहास असे सारे काही कुठल्या तरी सर्व्हरवर साठत जाते. ते किती सुरक्षित आहे, हे बरेचदा एका कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टीवर ठरते. ती म्हणजे सॉफ्टवेअरची आवृत्ती.

संकेतस्थळ शून्यापासून कोणी लिहीत नाही. लॉगिन, फॉर्म, फाइल अपलोड करणे अशा नेहमीच्या कामांचा तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. हा सांगाडा सर्व्हरवर चालतो. दोघांची भाषा जुळली तरच गाडी पुढे सरकते. अडचण अशी, की फ्रेमवर्क बदलत राहते आणि सर्व्हर मात्र ‘चालतोय ना, मग हात कशाला लावा’ म्हणून वर्षानुवर्षे तसाच राहतो.

जावा भाषेचे उदाहरण बोलके आहे. मोठ्या संकेतस्थळांसाठीचा जावाचा संच ओरॅकल कंपनीने 2017 मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्याचे ठरवले. मात्र ‘जावा’ हे नाव वापरण्याच्या हक्कावर एकमत झाले नाही. त्यामुळे 2020 मध्ये आतील भागांच्या नावांची सुरुवात ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ अशी झाली. काम जवळपास तेच, नाव तेवढे वेगळे. पण संगणकाला ‘तोच तो’ हे कळत नाही. टॉमकॅट या लोकप्रिय सर्व्हरची 9वी आवृत्ती जुनी नावे ओळखते, 10वी नवी. नोव्हेंबर 2022 मध्ये आलेल्या स्प्रिंग फ्रेमवर्कच्या 6व्या आवृत्तीला नवी नावे लागतात, शिवाय किमान जावा 17 लागते. ती टॉमकॅट 9वर ठेवली तर संकेतस्थळ सुरूच होत नाही. म्हणजे एक पायरी चढायची तर फ्रेमवर्क, जावा आणि सर्व्हर तिन्ही एकदम बदलायला हवेत. खर्च दिसतो, काम थांबण्याची भीती असते आणि निर्णय पुढे ढकलला जातो. इकडे स्प्रिंगच्या 5व्या पिढीला मोफत मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या ऑगस्ट 2024 मध्ये थांबल्या.

दुरुस्ती राहून गेली की काय होते, हे अमेरिकेने 2017 मध्ये पाहिले. इक्विफॅक्स ही नागरिकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी. तिच्या तक्रार नोंदवण्याच्या संकेतस्थळात अपाचे स्ट्रट्स हे फ्रेमवर्क होते आणि त्यामागची मूळ यंत्रणा 1970च्या दशकातली. फाइल अपलोड करण्याच्या स्ट्रट्सच्या भागात एक चूक होती. विनंतीसोबत जाणाऱ्या मजकुरात आज्ञा लपवली, की सर्व्हर ती मुकाट्याने पाळत असे. 7 मार्चला चूक जाहीर झाली, दुरुस्तीही लगेच उपलब्ध होती. कंपनीत 48 तासांत ती बसवा, असा निरोपही फिरला. पण स्ट्रट्स नेमके कुठे कुठे चालते, याची नीट यादीच नव्हती आणि हे जुने संकेतस्थळ नजरेतून सुटले. मे महिन्यात चोर शिरले आणि 29 जुलैला सुगावा लागेपर्यंत आतच होते. सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली. पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख कशी बदलणार?

म्हणून आवृत्तीचा आकडा वाचायला शिकले पाहिजे. बहुतेक ठिकाणी त्याचे तीन भाग असतात. शेवटचा आकडा वाढला तर ती किरकोळ दुरुस्ती असते, ती लगेच बसवावी. मधला वाढला तर नव्या सोयी आल्या. पहिला वाढला तर जुने काही मोडू शकते, तिथे तयारी लागते. जो नव्या आवृत्त्यांच्या जवळ राहतो, त्याला बहुधा शेवटचा आकडाच बदलावा लागतो. जो पाच वर्षे थांबतो, त्याला संकटाच्या दिवशीच पहिला आकडा बदलण्याची वेळ येते.

रुग्णालय असो, शाळा असो की पतसंस्था, संकेतस्थळ बांधून देणाऱ्याला चार प्रश्न विचारायला तांत्रिक ज्ञान लागत नाही. कोणते फ्रेमवर्क आणि कोणता सर्व्हर वापरला, त्यांची यादी कुठे आहे? त्यांना सुरक्षा दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार? नवी आवृत्ती आधी तपासून पाहायला वेगळा सर्व्हर आहे का? आणि बिघडले तर मागे येण्याची सोय आहे का? उत्तरे लेखी घ्यावीत आणि दर वर्षाच्या कंत्राटात देखभालीचा खर्च वेगळा धरावा. नियमित तपासणीला पैसे लागतात हे खरे. पण उशिरा सापडलेल्या दुखण्याचा खर्च त्याहून मोठा असतो, हे आरोग्याइतकेच सर्व्हरलाही लागू आहे.